जळकाईचं बेट

दामूला त्या पाहुण्यांना बेटावर न्यायचंच नव्हतं. आधी तो म्हणाला, शीड शिवायला काढलंय. मग म्हणाला, वारा फिरलाय. शेवटी म्हणाला, चैत्रातल्या जत्रेशिवाय जळकाईच्या बेटावर कोणी पाय ठेवलेला देवीला खपत नाय.

चुलीपुढे बसलेल्या गोदूबाईनं फुंकणी खाली ठेवली.

"देवी तुज्या कानात सांगून गेली काय? पाटलानं मास्तरांना शब्द दिलाय. न्यायचं म्हंजी न्यायचं. आन हंसालाबी घेऊन जा. पाव्हण्यांना मासळी रांधून घालंल, देवीला नारळ देईल. किती दिवस भिंतीकडं बघत बसंल ती?"

हंसा ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. तिनं मान वर केली नाही. दामू दारात क्षणभर घुटमळला आणि तसाच बाहेर निघून गेला.

हंसा ही गोदूबाईची सून. दिवाळीच्या तोंडावर अवचित उठलेल्या वादळात तिचा नवरा नामदेव होडीसकट बेपत्ता झाला होता. त्याच्याबरोबरचा खलाशी भिका चिंचणीच्या किनाऱ्याला मरून लागला. नामदेव कुठंच लागला नाही. वादळ ओसरायला लागलं तशा गावच्या होड्या शोधायला बाहेर पडल्या. कोणी उत्तरेला डहाणूकडे गेलं, कोणी दक्षिणेला मुरब्याच्या खाडीपर्यंत. जळकाईच्या बेटाकडे गेला तो नामदेवचा धाकटा भाऊ दामू, एकटाच, लहान होडी घेऊन. तिन्हीसांजेला तो ओलाचिंब होऊन परत आला आणि वाळूवर बसकण मारून म्हणाला, "उतरून बघितलं. हाका मारल्या. कोन नाय तिकडं."

सख्खा भाऊ डोळ्यांनी बघून आला म्हटल्यावर त्या दिशेला पुन्हा कोणी होडी घातली नाही. तसंही बेटाभोवती बुडत्या खडकांची रांग होती, जाळी फाटायची, म्हणून एरवी तिकडे कोणी जातच नसे. गोदूबाईनं थोडे दिवस वाट पाहिली. मग भटजींनी सांगितलं तसा दर्भाचा पुतळा करून किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला. हंसाच्या हातातल्या बांगड्या त्याच दिवशी फुटल्या.

तेव्हापासून दामू घरासाठी राबत होता. हंसाच्या टोपलीत आधी मासळी टाकायचा, मग बाजाराची वेगळी काढायचा. पुढच्या वैशाखात हंसाचा त्याच्याशी पाट लावायचा असं गोदूबाईनं ठरवून टाकलं होतं. हंसा हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती. पण इतक्यात तिच्या मनात यायला लागलं होतं की माणूस काही वाईट नाही. बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, पण ते दुःखापायी असेल.

पौषातल्या एका रविवारी उजाडताना होडी निघाली. नरहरी मास्तर चिंचणीच्या वाडीतले, शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांची बायको विजया बरोबर होती, आणि तारापूरला वीजघराचं बांधकाम सुरू झाल्यापासून नव्या वसाहतीत राहायला आलेली दोन बिऱ्हाडं. मंडळी खुशीत होती. कोणी डब्यातून चिवडा काढला, कोणी दुर्बीण. मागे किनाऱ्यावर माडांच्या डोक्यावरून बांधकामाचे करडे ठोकळे आणि वजनं उचलणाऱ्या लोखंडी याऱ्यांचे हात दिसत होते. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता.

"बरा दिवस मिळाला," मास्तर म्हणाले.

सुकाणूवर बसलेल्या दामूनं होडी खोल पाण्याकडे वळवली.

ऊन वर चढलं तसं बेट पाण्यातून वर आलं. दुरून नुसती काळी रेघ दिसायची, ती जवळ गेल्यावर उभा कडा झाली. झाड नाही, झुडूप नाही. समुद्रानं गिळता गिळता टाकून दिलेला कोळशाचा खडाच जणू. पाखरांचा थवा कड्यावरून उठला आणि पुन्हा बसला.

"ते वर निशाण कसलं हो?" विजयानं बोट दाखवलं.

कड्याच्या माथ्यावर, देवळीच्या मागे, एका वाकड्या बांबूला मळकं कापड लोंबत होतं.

"देवीचं असंल," दामू घाईनं म्हणाला. "जत्रंत लावत्यात."

हंसानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. जत्रेत लावतात ते निशाण तांबडं असतं, आणि आषाढाच्या वाऱ्यापुढे त्याची चिंधीसुद्धा उरत नाही. हे तिला माहीत होतं तसं दामूलाही माहीत होतं. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावर घाम होता.

ओहोटी लागली होती. खडकांच्या फटीतून दामूनं होडी आत घातली आणि सपाट दगडाला लावली. सगळे उतरले. तो उतरला नाही.

"होडीजवळ कोनतरी पायजे. तुमी जाऊन या. लौकर या पन."

बेट पाहून पाहुणे हरखून गेले. कड्याचा दगड नुसता दगड नव्हता; एकाला एक लावून उभे केलेले खांब होते, प्रत्येकाला सहा पैलू, जणू सुताराच्या रंध्यानं तासलेले. मास्तरांच्या अंगात शाळा संचारली.

"हा सगळा शिलारस. जमीन फाटून ज्वालामुखीतून असा रस वाहत होता, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. निवताना तो तडकला, चिखल वाळताना तडकतो तसा. त्याचे हे खांब झाले. आणि ही भोकं बघा, हे त्या रसातले बुडबुडे."

एका फुटक्या खडकाच्या पोटात पोकळी होती आणि तिच्यात खडीसाखरेसारखे पांढरे स्फटिक दाटले होते. वसाहतीतल्या बाया ते खरवडून पदरात घ्यायला लागल्या. खाली ओहोटीनं उघड्या पडलेल्या डबक्यांत निळ्या शेपटीचे मासे इकडून तिकडे पळत होते, आणि जांभळ्या काट्यांचे गोळे खडकाला चिकटून होते.

"हंसाबाई, तुमच्यात काय सांगतात या बेटाबद्दल?" विजयानं विचारलं.

हंसाचं लक्ष वर होतं. तरी तिनं सांगितलं, सासूकडून ऐकलेलं तसंच. जळकाईचे सात लेक समुद्रावर गेले होते. ते भुकेले येतील म्हणून तिनं समुद्रातच चूल मांडली. समुद्राला राग आला, त्यानं लाट घालून चूल विझवली. हे खांब म्हणजे तिची अर्धवट जळलेली लाकडं. म्हणून बेटाचं नाव जळकं, आणि ती जळकाई.

"आणि मुलगे? आले का परत?"

"ते कोन सांगत नाय," हंसा म्हणाली. "आमी नारळ देतो आन परत जातो."

नारळ द्यायला दोघी वर चढल्या. खांबांचे तुटलेले माथे पायऱ्यांसारखे होते. माथ्यावर चार दगडांची देवळी, आत शेंदूर फासलेला तांदळा. हंसा देवळीपुढे थांबलीच नाही. ती सरळ मागे गेली.

बांबू होडीच्या डोलकाठीचा होता, मधेच मोडलेला. दोन खांबांच्या फटीत खोल खुपसून भोवती दगडांच्या चिपा ठोकून घट्ट केला होता. आणि कापड होतं शिडाचं. त्याच्या कोपऱ्यावर हातभर ठिगळ होतं, निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. श्रावणात पांढरा दोरा संपला म्हणून हंसानं ते निळ्यानं शिवलं होतं. नामदेव हसला होता, म्हणाला होता, नवरीच्या पदरागत दिसतंय.

तिनं ते ठिगळ मुठीत धरलं.

"काय झालं?" विजया मागून म्हणाली.

हंसा काही न बोलता पुढे गेली. देवळीच्या मागच्या अंगाला कडा आत गेला होता, आणि त्या खोबणीच्या तोंडाशी वाऱ्याच्या बाजूनं दगडांचा गुडघाभर बांध रचला होता. बांधाबाहेर कालवांच्या शिंपल्यांचा ढीग पडला होता, दगडानं ठेचून फोडलेल्या. एक-दोन वेळच्या नव्हत्या त्या. तळाच्या काळ्या पडलेल्या, वरच्या अजून पांढऱ्या. पलीकडे खडकात एक खळगा होता. पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून वर शिडाचा दुसरा तुकडा ताणून बांधला होता. खळगा कोरडा होता. तळाशी चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, आणि त्या खपल्यांत बोटांनी ओरबाडल्याच्या रेघा होत्या.

बांधाच्या आत तो होता. भिंतीला टेकून बसल्यासारखा, मान एका खांद्यावर. पाखरांनी आणि उन्हानं जे ठेवलं होतं ते फडक्यात आणि हाडांत होतं. कमरेला चांदीचा करगोटा होता, लग्नात हंसाच्या बापानं घातलेला.

विजयाची किंकाळी खाली होडीपर्यंत गेली असेल. मास्तर धावत वर आले, मागून बाकीचे. बायांना त्यांनी हातानंच मागे सारलं. हंसा बांधाच्या आत शिरून त्याच्याजवळ बसली होती. रडत नव्हती. करगोट्यावरची माती ती अंगठ्यानं पुसत होती, पुसत होती.

"हंसाबाईचे यजमान," विजया हुंदके देत म्हणाली. "दिवाळीच्या वादळातले."

मास्तरांनी शिंपल्यांच्या ढिगाकडे पाहिलं, कोरड्या खळग्याकडे पाहिलं. ते आपल्याशीच पुटपुटले, "बरेच दिवस जगला असावा हा माणूस. पाऊस थांबला, पाणी आटलं, आणि..." मग त्यांचा आवाज जरा चढला. "पण कोणी शोधायला आलं कसं नाही इकडे? खालून हाक मारली असती तरी..."

हंसाचा अंगठा थांबला.

आत्तापर्यंत तिच्या मनात एकच गोष्ट होती, हा इथं होता. आता दुसरी आली. बेटावर होडी लावायला जागा एकच. तिथं उतरलेल्या माणसाला हे निशाण दिसणारच. समजा तेव्हा ते लावलेलं नसेल. मग हाक? बेट केवढंसं. या टोकाला कोणी खोकलं तर त्या टोकाला ऐकू जावं. आणि तिनं शिवलेल्या पदराखाली बसून हा माणूस गावाकडे बघत होता. पुतळ्याला अग्नी दिला त्या दिवशी किनाऱ्यावरचा धूर त्याला दिसला असेल का?

ती उठली. "शीड काढा वरचं," ती मास्तरांना म्हणाली. "त्यात बांधू."

मास्तर म्हणाले, पोलिसांना कळवावं लागेल, इथून हलवणं बरोबर नाही. हंसा म्हणाली, "पाटील बघंल ते. मी यांना पुन्हा ठेवून जानार नाय."

मासळी रांधायची राहिली. गाठोडं घेऊन मंडळी खाली उतरली. कोणीतरी पदरातले स्फटिक वाटेतच टाकून दिले. दामू होडीत उभा होता. त्यानं शिडाचं कापड पाहिलं, निळा दोरा पाहिला, आणि तो पाठ करून उभा राहिला. मास्तरांना वाटलं, भाऊ आहे, धक्का बसला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दामूनं तो हात झटकला.

परतताना पाहुणे सगळे होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे गोळा होऊन बसले. हंसा गाठोडं मांडीशी घेऊन सुकाणूजवळ, दामूच्या पुढ्यात बसली. वारा शिडात भरला होता. त्या फडफडीत इकडचं बोलणं तिकडे जात नव्हतं.

"उतरला होतास?" तिनं विचारलं.

दामूनं समोर नजर लावली होती.

"दामू, तुला इचारते. उतरला होतास?"

"नाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यालाच पुढचं बोलावं लागलं.

"वयनी, लाट खडकावर माडाएवढी फुटत हुती. होडी पान्यानं भरली. मी अर्ध्यातनं फिरलो. वाटलं, भिका गेला तसा दादाबी गेला असंल, अशा दर्यात कोन जगतंय. किनाऱ्याला लागलो तर सगळे धावले. बघितलंस का, बघितलंस का. आय पुढं हुती. तोंडातनं निगालं, बघितलं म्हनून."

"आन दुसऱ्या दिवशी?"

दामूनं शिडाची दोरी ओढून घेतली.

"दुसऱ्या दिवशी दर्या बसला हुता," हंसा म्हणाली. "मी किनाऱ्यावर हुते. आठवतंय मला. ताटात पानी ठेवल्यागत हुता."

"मंग काय सांगून जानार हुतो? काल उतरून बघितलं म्हनलो, आज परत कशाला चाललास म्हनाले असते. काल खोटं बोललो म्हनून सांगू?" त्याचा आवाज फुटला. "रोज वाटायचं, उद्या जाऊ. जाळं टाकायच्या निमतानं जाऊ. रोज. मंग पुतळा जाळला. मंग जाऊन तरी काय."

"ते बघत हुते रे," हंसा म्हणाली. एवढंच म्हणाली. आणि मग गाठोड्यावर डोकं टेकून ती पहिल्यांदा रडली. आवाज न करता, पाठ हलत राहिली. नाळेवरून विजयानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

किनाऱ्यावर गोदूबाई उभी होती. होडी इतक्या लवकर परतताना दिसली म्हणून अर्धा गाव वाळूवर आला होता. मास्तरांनी खाली उतरून पाटलाला बाजूला घेतलं, पण गोदूबाईला सांगावं लागलं नाही. शीड तिनं ओळखलं. ती पाण्यात गुडघाभर चालत आली आणि गाठोडं तिनं दोन्ही हातांत घेतलं. त्याचं हलकं वजन तिनं छातीशी धरलं.

"कुटं हुता?" तिनं विचारलं.

"देवळीच्या मागं," कोणीतरी वसाहतीतलं म्हणालं. "बेटावरच होते. बरेच दिवस."

गर्दी थांबली. मग एकेक मान दामूकडे वळली. गोदूबाईनंही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता, भीती होती. हातातल्या लेकापेक्षा उभ्या असलेल्या लेकाची भीती.

"दामू," ती म्हणाली, "तू तर गेलतास ना रं?"

दामूची नजर हंसाकडे गेली.

हंसानं त्या म्हातारीकडे पाहिलं. पाणी तिच्या लुगड्याला ओढत होतं, हातात गाठोडं, पाय वाळूत रुतलेले. आत्ता एक शब्द टाकला तर गाव दामूला उभा सोलेल. सोलायलाच पाहिजे होतं. पण ही म्हातारी तिथंच पाण्यात बसेल आणि पुन्हा उठायची नाही.

"खोबनीत हुते, आय," हंसा म्हणाली. "आतल्या अंगाला. खालनं दिसत नाय. लाटांच्या आवाजात हाकबी ऐकू गेली नसंल."

मास्तर वळून तिच्याकडे बघायला लागले. त्यांचे ओठ हलले, पण विजयानं त्यांचा दंड धरला.

गोदूबाईनं श्वास सोडला. "बघा," ती गावाला म्हणाली, "माजं पोर जीव घालून गेलं हुतं. दैवच आमचं खोटं." आणि मग तिनं हंबरडा फोडला.

पंचनामा झाला, दुसऱ्यांदा अग्नी दिला गेला, खरा. सुतक फिटल्यावर गोदूबाईनं पाटाची गोष्ट पुन्हा काढली. हंसा म्हणाली, "नाय."

"का?"

"नाय, आय."

गोदूबाईनं समजावून पाहिलं, शेजारणींकरवी सांगून पाहिलं. काय खोट आहे माझ्या दामूत? भावासाठी वादळात शिरला तो. तुला पोसतोय. हंसा खाली मान घालून बसायची. दामू त्या वेळी घरात असला तर कोपऱ्यात जाळं विणत राहायचा. एकदा हंसानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, वाट पाहत. त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि दुसरी गाठ घ्यायला सुरुवात केली.

गोदूबाईचा धीर त्या दिवशी सुटला. "मढं मिळालं आन माज चढला," ती ओरडली. "तुज्या पायगुनानं माजा एक लेक गेला, दुसऱ्याला गावात मान खाली घालायला लावतेस? चालती हो."

हंसानं आपलं लुगडं, टोपली आणि कोयता घेतला. वाटेत तिला दामू भेटला, माडाच्या आड उभा.

"वयनी, मी आयला सांगतो सगळं. आजच सांगतो."

"सांग," हंसा म्हणाली.

तो सांगणार नाही हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

बोईसरला स्टेशनाजवळ काशीबाई नावाच्या एका सुकी मासळी विकणारीनं तिला आपल्या खोलीत जागा दिली. वीजघराच्या कामावर परमुलखातले मजूर आले होते, हिंदीत भाव करायचे. हंसा ती भाषा मोडकीतोडकी शिकली. विजया कधीमधी आठवड्याच्या बाजाराला यायची, नको असली तरी मासळी घ्यायची. तिनं एकदाच विचारलं, "का बोलला नाहीत तेव्हा?" हंसानं तिच्या पिशवीत सुक्या वाकट्या घातल्या आणि म्हणाली, "बोलले असते तर ते परत आले असते का, बाई?" पण विजया गेल्यावर ती उगीच सुरमईच्या सुक्या फोडी इकडच्या तिकडे करत बसली. उत्तर खरं नव्हतं, निदान पुरतं खरं नव्हतं. कधी कधी पहाटे जाग आली की तिला वाटायचं, बोलायला हवं होतं, त्याच पाण्यात, सगळ्यांसमोर.

वैशाखात दामूचं लग्न झालं, वाणगावच्या बाजूची मुलगी. हंसाला कोणी बोलावलं नाही.

पावसाळ्यानंतर एका बाजारच्या दिवशी गोदूबाई आली. मागे दामू होता, डोक्यावर टोपली. म्हातारी थकली होती. चालताना दामूच्या हाताचा आधार घेत होती, आणि तो फार जपून तिला गर्दीतून नेत होता. हंसाच्या पाटीसमोर दोघं आले. गोदूबाईनं तिला ओळखलं. तिनं नजर हंसाच्या अंगावरून न थांबता पुढे नेली आणि शेजारी मासळी विकणाऱ्या मैनाबाईपुढे उकिडवी बसली.

"जवळा कसा दिला गं?"

मैनाबाईनं अवघडून हंसाकडे पाहिलं. दामू आईच्या मागे उभा होता, नजर मातीत. टोपलीखाली त्याची मान वाकली होती. म्हातारीनं ओंजळभर जवळा उचलून नाकाशी नेला, ठेवून दिला, पुन्हा उचलला.

"दामू, बघ रं, वाळलाय का नीट," ती म्हणाली. "तू सांग. तुज्यावर माजा इस्वास."

हंसानं पदर खोचला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक घातली.